खोली नवी, ढेकूण जुने

रिकाम्या खोलीतही ढेकूण रक्ताविना कित्येक महिने तग धरतात. विजेच्या बोर्डामागून, भिंतीच्या फटींतून शेजारच्या बिऱ्हाडातही शिरतात. त्यामुळे एकट्या खोलीची फवारणी बहुधा वाया जाते. लगतच्या, वरच्या-खालच्या खोल्याही तपासायला हव्यात.

भाडेकरूच्या अस्वच्छतेवर ठपका ठेवणे अन्यायाचे. स्वच्छ घरातही जुन्या खाटेबरोबर, बॅगेबरोबर ढेकूण येतात.

न्यूयॉर्क शहरात २०१० पासून घरमालकाला नव्या भाडेकरूला गेल्या वर्षभरातला ढेकणांचा इतिहास लेखी द्यावा लागतो. असे कलम आपल्या भाडेकरारांतही यायला हवे.

सामान लावण्याआधी गादीची शिवण आणि खाटेचे सांधे टॉर्चने पाहावेत. काळे ठिपके ही विष्ठेची खूण. पुष्कळ ठिकाणी ढेकूण नेहमीच्या कीटकनाशकांना दाद देत नाहीत. अंथरुणे मात्र ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतली, की अंडीही मरतात.