अनोळखी बर्फवाटांवर स्नोमोबाइल

स्नोमोबाइलवरून काही दिवसांचा प्रवास आखताना नकाशावरच्या अंतरावर भिस्त ठेवता येत नाही. दिवसाचा टप्पा टाकीतले पेट्रोल, आकाशातला उजेड आणि वाटेवरच्या बर्फाची अवस्था या तिघांच्या हातात असतो. ओळखीच्या वाटेवर या तिन्हींचा अंदाज सवयीने येतो. अनोळखी मुलखात मात्र तो निघण्यापूर्वी कागदावर मांडावा लागतो. अमेरिकेतील मिशिगन राज्याचा उत्तर भाग, म्हणजे अप्पर पेनिन्सुला, ही आखणी समजून घ्यायला उत्तम आहे. तिथे बर्फ अमाप पडतो, ट्रेलचे जाळे हजारो किलोमीटरचे आहे आणि दोन गावांच्या मध्ये तासन्‌तास जंगलाखेरीज काही लागत नाही.

पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद दातेरी पट्टा आणि मध्ये इंजिन अशी या वाहनाची रचना असते. वजन साधारण दोनशे ते तीनशे किलो. कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या व्हॅलकूर गावचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे हलके यंत्र बाजारात आणले, आणि बर्फावर चालणारे वाहन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याआधीची बर्फावरची वाहने अवजड असत आणि मुख्यतः डॉक्टर, टपाल किंवा शाळकरी मुले यांची ने-आण करीत. पुढे हौशी चालकांची संख्या वाढली, गावोगावी क्लब निघाले आणि क्लबांनी ट्रेल आखले. आज क्युबेकमधले जाळे तीस हजार किलोमीटरांहून मोठे आहे. मिशिगनमध्येही वाटांची निगा स्थानिक क्लबच राखतात. त्यांना राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडून अनुदान मिळते.

अप्पर पेनिन्सुलाच्या उत्तर टोकाला कीविनॉ नावाची जमिनीची चिंचोळी पट्टी लेक सुपीरियरमध्ये घुसलेली आहे. हिवाळ्यात वायव्येकडून येणारे कोरडे, गोठवणारे वारे या सरोवरावरून वाहतात. सरोवराचा बराच भाग गोठत नाही आणि त्याचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. वारे त्यातून बाष्प उचलतात, कीविनॉच्या डोंगरकण्यावर चढतात आणि तिथे बर्फ ओततात. इथे एका हिवाळ्यात सरासरी पाच मीटरहून अधिक बर्फ पडतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर, बर्फाची नोंद झाली, आणि तो आकडा दाखवणारा उंच मापकफलक हमरस्त्याच्या कडेला उभा आहे. प्रवास आखणाऱ्यासाठी या हवामानाला दोन बाजू आहेत. इतरत्र हिवाळा कोरडा गेला तरी इथे बर्फ मिळण्याची शक्यता जास्त. पण सरोवरावरून आलेली एक सर तासाभरात समोरचे सारे पांढरे करून टाकते. भरवसाही पूर्ण ठेवता येत नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात या सगळ्या प्रदेशात बर्फ इतका कमी पडला की कुत्र्यांच्या स्लेजच्या नावाजलेल्या शर्यतीही रद्द कराव्या लागल्या. म्हणून तारखा ठरवतानाच हॉटेल रद्द केल्यास पैसे परत मिळतील का, हे विचारून ठेवलेले बरे.

वाटांची देखभाल साधारण १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात चालते, पण डिसेंबरात दलदल आणि ओढे पुरते गोठलेले नसतात आणि मार्चमध्ये दुपारचे ऊन बर्फ वितळवू लागते. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा सर्वांत भरवशाचा काळ, मात्र गर्दीही तेव्हाच. कीविनॉच्या तोंडाशी वसलेले हॉटन हे गाव मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीमुळे भारतातल्या अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला विद्यापीठाचा हिवाळी उत्सव असतो, बर्फाचे प्रचंड पुतळे पाहायला लोक लांबून येतात आणि त्या दिवसांत मुक्कामाला खोली मिळणे मुश्कील होते.

कागदपत्रांचे काम थोडे, पण टाळता येण्यासारखे नाही. यंत्राची नोंदणी आणि मिशिगनचा ट्रेल परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा वर्षभर चालतो. त्याचा स्टिकर यंत्रावर लावावा लागतो. दक्षिणेला विस्कॉन्सिनची हद्द जवळ आहे आणि ट्रेल सहज तिकडे नेतो. तिथे त्या राज्याचा वेगळा पास लागतो. हेल्मेट सक्तीचे आहे. यंत्र भाड्याने घ्यायचे असेल तर अनामत किती आणि मोडतोड झाल्यास खर्च कोणाचा, हे आधी लेखी घ्यावे, कारण स्कीची एक जोडणी वाकली तरी मोठे बिल होते.

टप्पा ठरवताना पहिला हिशेब पेट्रोलचा. टाकी साधारण चाळीस लिटरची असते आणि सपाट, दाबलेल्या वाटेवर लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. म्हणजे कागदावर २४० किलोमीटर. पण ताज्या, भुसभुशीत बर्फात पट्टा रुतत चालतो आणि हाच आकडा झपाट्याने घसरतो. रस्ता चुकून परत फिरावे लागले तर तेवढे अंतर दुप्पट होते. त्यामुळे एक तृतीयांश टाकी हिशेबातच धरू नये आणि दोन पंपांमधले अंतर १६० किलोमीटरच्या आत ठेवावे. गटात सर्वांत जास्त पेट्रोल पिणारे यंत्र कोणते, ते पाहून सगळ्यांचा टप्पा ठरवावा. लहान गावांतले पंप हिवाळ्यात लवकर बंद होतात. नकाशावर पंपाची खूण आहे, एवढ्यावर विसंबू नये. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारावी. यंत्र टू-स्ट्रोक असेल तर वेगळे इंजिन ऑइलही लागते आणि ते प्रत्येक ठिकाणी मिळत नाही.

दुसरा हिशेब उजेडाचा. जानेवारीच्या मध्याला हॉटनमध्ये सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाती नऊ तास. अप्पर पेनिन्सुलाच्या पश्चिमेकडील चार काउंट्यांत घड्याळ एक तास मागे असते. हॉटनहून निघून पश्चिमेच्या आयर्नवूडला पोहोचणाऱ्या चालकाला तिथे पावणेपाचच्या आतच सूर्यास्त झालेला दिसतो. पंप आणि खाणावळींच्या वेळाही त्याच घड्याळाने चालतात. काळोखात चालवता येते, हेडलाइट चांगले असतात, पण ताशी ६५ किलोमीटर वेगाने यंत्र सेकंदाला अठरा मीटर पुढे जाते, आणि बर्फावर ब्रेक लागायला डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. आडवे पडलेले झाड किंवा हरिण प्रकाशात येईपर्यंत उशीर झालेला असतो. वळणे पाठ नसलेल्या माणसाने अंधारापूर्वी मुक्काम गाठावा. या बाबतीत तडजोड नको.

तिसरा हिशेब वाटेचा, आणि नवखा माणूस नेमका हाच विसरतो. ट्रेल सपाट करणारे ग्रूमर नावाचे अवजड वाहन बहुधा रात्री निघते, कारण रात्री थंडी जास्त असते, वर्दळ नसते आणि दाबलेला बर्फ पहाटेपर्यंत घट्ट बसतो. सकाळी नऊला हीच वाट गालिच्यासारखी असते. शनिवारी दुपारी शेकडो यंत्रांनी तुडवल्यावर तिच्यावर गुडघाभर उंचवट्यांच्या ओळी पडतात, वेग निम्म्यावर येतो आणि कंबर बोलू लागते. त्यामुळे लांबचा टप्पा मंगळवार-बुधवारसारख्या वारी आणि सकाळी घ्यावा, शनिवारी थोडेच अंतर ठेवावे. थांब्यांसकट सरासरी वेग ताशी तीस किलोमीटर धरला तर फसगत होत नाही. अंगात सवय असलेले लोक दिवसाला दोनशे किलोमीटर जातात. नव्या मुलखात पहिल्या दिवशी शंभर पुरे.

या हिशेबांनी चार दिवसांची एक आखणी अशी करता येते. गाडी आणि ट्रेलर हॉटनला ठेवून पहिल्या दिवशी उत्तरेला कॉपर हार्बरपर्यंत जावे. गावातून बाहेर पडतानाच पोर्टेज लेकवरचा उचलता पूल लागतो. १९५९ च्या या पुलाला दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावरून पूर्वी रेल्वे जाई. आता हिवाळ्यात जहाजे बंद असतात, पूल खाली उतरलेला असतो, वरून मोटारी जातात आणि खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल. पुढे कॅल्युमेटसारखी तांब्याच्या खाणींची जुनी गावे लागतात. तिथे पेस्टी खाऊन पुढे निघावे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांनी आणलेला हा मांस, बटाटे आणि कांदा भरलेला जाड पारीचा पदार्थ आहे. हातमोजा काढून एका हाताने खाता येतो आणि पुढचे तीन तास भूक लागत नाही. कॉपर हार्बर हे टोकाचे गाव असल्याने तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या वाटा बऱ्याचशा त्याच असतात. म्हणूनच तो पहिला दिवस म्हणून सोयीचा, कारण परतताना वाट ओळखीची झालेली असते. दुसऱ्या दिवशी परत हॉटन. तिसऱ्या दिवशी दक्षिणेला बिल निकल्स ट्रेल घ्यावा. जुन्या कॉपर रेंज रेल्वेच्या मार्गावरून मास सिटीकडे जाणारी ही सुमारे ६६ किलोमीटरची वाट रेल्वेमार्गामुळेच फार चढउतारांची नाही, आणि फायरस्टील नदीवरचे तिचे उंच पूल पाहायला थोडे थांबावे. मुक्काम पुढे लेक गोगेबिकच्या काठच्या बर्गलंडला, आणि चौथ्या दिवशी परतीचा मार्ग. आयर्नवूडपर्यंत जायचा मोह झाला तर पाचवा दिवस काढावा. चौथ्यातच कोंबू नये.

वाटेत चौकाचौकांत ट्रेलचे क्रमांक लिहिलेल्या पाट्या असतात. जोराचा वारा त्यांच्यावर बर्फ चिकटवतो आणि पाटी नुसता पांढरा फळा होते; खाली उतरून हातमोज्याने पुसावी लागते. फोनमधला नकाशा इंटरनेटशिवाय चालेल असा आधीच उतरवून घ्यावा, पण थंडीत फोनची बॅटरी पाहता पाहता संपते, म्हणून तो आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावा आणि जोडीला छापील नकाशा असू द्यावा. यंदाचाच. ट्रेलचा बराच भाग खासगी आणि कंपन्यांच्या जंगलातून जातो, लाकूडतोड सुरू झाली की वाट बंद होते किंवा दुसरीकडून वळवली जाते, आणि मागच्या वर्षीचा नकाशा बंद फाटकापाशी नेऊन सोडतो. अशा वेळी फाटकाला वळसा घालून जाणे हे परवानगी देणाऱ्या जमीनमालकाचा विश्वास मोडणे आहे. त्याने परवानगी काढून घेतली तर ती वाट सगळ्यांनाच बंद होते.

यंत्राबद्दल एक गोष्ट उष्ण प्रदेशातल्या वाचकाला नवलाची वाटेल. बहुतेक आधुनिक स्नोमोबाइलचे इंजिन थंड ठेवायला बर्फच लागतो. पट्टा मागे उडवतो तो भुगा बैठकीखालच्या धातूच्या नळ्यांवर आदळून त्यांतला द्रव गार करतो, आणि पट्ट्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनाही त्याच्यामुळेच वंगण मिळते. वाट कडक बर्फाची झाली की भुगा उडत नाही आणि शून्याखाली वीस अंश तापमानातही इंजिन तापते. त्यासाठी मागच्या बाजूला बर्फ खरवडणारे तारेचे आकडे बसवून घ्यावेत. बरोबर जादा ड्राइव्ह बेल्ट, स्पार्क प्लग, ओढायची दोरी, घडीचे फावडे आणि हत्यारांचा संच असावा. बेल्ट कसा बदलायचा, ते घराच्या अंगणात एकदा करून पाहावे.

कपड्यांत सुती काहीही नको. घामाने ओले झालेले सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर ऊब धरणारा, सर्वांत वर वारा अडवणारा. तापमान उणे १८ अंश असताना ताशी ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला उणे ३४ अंशांसारखी थंडी लागते, आणि यंत्रावर बसलेला माणूस हा वारा स्वतःच निर्माण करीत असतो. नाक आणि गाल अर्ध्या तासाच्या आत गोठू शकतात. एकमेकांचे चेहरे प्रत्येक थांब्यावर पाहावेत, कारण पांढरा पडलेला गाल स्वतःला जाणवत नाही.

गट चार ते सहा जणांचा बरा. सर्वांत पुढे नकाशा जाणणारा, शेवटी यंत्र दुरुस्त करू शकणारा, आणि नवखे मध्ये. प्रत्येकाने आपल्या मागच्यावर लक्ष ठेवावे आणि वळणाच्या चौकात तो दिसेपर्यंत थांबावे. एवढा एक नियम पाळला तर कोणी हरवत नाही. दोन यंत्रांत पुरेसे अंतर हवे, कारण पुढच्याने उडवलेल्या भुग्यात मागच्याला काही दिसत नाही. उजवी बाजू कधी सोडू नये. वळणापलीकडून अख्खी वाट अडवणारा ग्रूमर येऊ शकतो. वाटेवरच्या बारमध्ये थांबण्याची तिथे रीतच आहे, पण मद्य संध्याकाळी, यंत्राची किल्ली काढल्यानंतरच. जीवघेण्या अपघातांत मद्य वारंवार आढळते, आणि मद्याची कायदेशीर मर्यादाही मोटार चालवताना असते तीच आहे.

गोठलेल्या सरोवरावरून जाण्याचा मोह लेक गोगेबिकवर हमखास होतो. वळसा वाचतो आणि समोर सपाट मैदान दिसते. स्नोमोबाइलसाठी नव्या, निळसर पारदर्शक बर्फाची किमान जाडी पाच ते सात इंच सांगितली जाते. पांढऱ्या, बुडबुड्यांच्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच असते. ओढ्यांच्या मुखाशी, पुलाखाली आणि झऱ्यांवर जाडी दोन पावलांवर बदलते. ज्याला हे सरोवर ठाऊक नाही त्याने काठाने वळसाच घालावा.

निघण्यापूर्वी रोजच्या मुक्कामाची, वाटेची आणि पोहोचण्याच्या वेळेची चिठ्ठी गटाबाहेरच्या एका माणसाकडे द्यावी. किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, तेही त्यात लिहावे. जंगलात मोबाइलचे जाळे बहुतांशी नसते, म्हणून गटात उपग्रहावरून संदेश पाठवणारे एक उपकरण हवे. कोणी अडकलेच तर यंत्र सोडून चालत निघू नये. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा यंत्र लवकर दिसते. प्रत्येक टप्प्यासाठी परतीची वेळ आधीच ठरवावी, म्हणजे अमुक वाजेपर्यंत अमुक चौक आला नाही तर माघारी फिरायचे. वादळाचा इशारा आला तर आहे त्याच गावात आणखी एक रात्र काढावी आणि त्यासाठी एक मोकळा दिवस सुरुवातीपासूनच आखणीत ठेवावा.