नवशिक्याचा कार विमा : पैसे कुठे वाचतात?

आपल्याकडे विमा गाडीचा उतरवला जातो. परवाना नवा आहे म्हणून हप्ता सहसा वाढत नाही. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा, आणि त्याचा दर सरकारच ठरवतं. जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1500 सीसीपर्यंत 3,416, त्यापुढे 7,897. इथे घासाघीस नाही.

फरक पडतो तो ‘ओन डॅमेज’ भागात, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. शोरूमवाला पुढे करेल तीच पॉलिसी घेण्याचं बंधन नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर जरूर मागवा. हात बसेपर्यंत ओरखडे, पोचे येणारच. पण प्रत्येक पोच्यासाठी क्लेम करू नका. क्लेम नसेल तर ‘नो क्लेम बोनस’ (‘ओन डॅमेज’च्या हप्त्यातली सूट) पहिल्या वर्षानंतर 20 टक्के मिळतो आणि सलग पाच वर्षांनी 50 टक्क्यांवर जातो. तो मालकाचा असतो, गाडी बदलली तरी नवीला लावता येतो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की मात्र गेला. ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ घेतल्यास हप्ता घटतो, पण प्रत्येक क्लेममध्ये दुरुस्तीची आधी ठरवलेली रक्कम खिशातून जाते. नवशिक्यांनी ते टाळावंच.

शिकाऊ परवान्यावर चालवताना शेजारी पक्का परवानाधारक हवा. नसेल तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.