एपिसोडची लेखी प्रत: बार्जचा सारंग खाडीत वाट कशी काढतो (आणि मी सात तास चिखलात का बसलो)

(नेहमीप्रमाणे बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत. बाकी ऑडिओत आहे तेच.)

आज स्वतःच्या फजितीपासून सुरुवात करतो, कारण हा विषय मला तिथूनच कळला.

काही वर्षांपूर्वी एका मित्राची छोटी इंजिनवाली होडी घेऊन आम्ही दोघं रेवसहून धरमतरच्या दिशेने निघालो. दुपारचे अडीच वाजले होते. फोन चार्ज होता, नकाशा उघडा होता. खाडी एका ठिकाणी वळण घेते, तिथे मी म्हटलं, कशाला लांबून जायचं, आतल्या बाजूने सरळ कापू. नकाशावर सगळं निळंच दिसत होतं. चार वाजता होडी थांबली. इंजिन सुरू, पंखा चिखल घुसळतोय, आणि आम्ही जागच्या जागी. फोनमधला निळा ठिपका मात्र अजून निळ्या पाण्यातच होता!

मी मामाला फोन लावला. माझा मामा आयुष्यभर बार्जवर होता, आधी खलाशी, मग सारंग. त्याने पहिला प्रश्न विचारला, “आज तिथी कुठली?” मला काय माहीत. तोच म्हणाला, “द्वितीया. भरती दीडला होऊन गेली. तू अडकलास कधी? चारला? मग साडेअकराच्या आसपास सुटशील. जेवलायस का?”

सव्वाअकराला होडी हलली. डास किती होते ते सांगत नाही.

तर आजचा एपिसोड मामाच्या त्या गणितावर. घरबसल्या, नकाशा न बघता, त्याने आमची सुटकेची वेळ कशी सांगितली?

आधी थोडं ठिकाणाबद्दल. पेण तालुक्यातून जाणारी अंबा नदी सुधागडकडून येते, नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीत उतरते आणि रेवसजवळ समुद्राला मिळते. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी मिळते. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यात या दोन्ही आहेत. अंबा हा १० क्रमांकाचा जलमार्ग, रेवसपासून नागोठण्याच्या एसटी स्टँडजवळच्या पुलापर्यंत, ४५ किलोमीटर. रेवदंडा खाडी आणि कुंडलिका मिळून ८५ क्रमांकाचा, रोह्याच्या पुलापर्यंत ३१ किलोमीटर. आपण रोज एसटीतून ज्या पुलांवरून जातो, ते कागदावर एका हायवेचं शेवटचं टोक आहेत. अंबेवर हे नुसतं कागदावर नाही. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जने येतो. मोठं जहाज इतक्या आत येऊच शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं, माल बार्जमध्ये उतरतो आणि बार्ज खाडीने वर येते.

आता मामाचं गणित. कोकणातल्या जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल: तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊण तासाने गुणा, भरतीची वेळ येते. द्वितीया म्हणजे २ गुणिले पाऊण, दीड. दुपारी दीडला भरती पूर्ण, आणि साधारण साडेबारा तासांनी परत एकदा, रात्री दोनच्या आसपास. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. कॅलेंडर भिंतीवर असतंच, फक्त त्यात बारीक अक्षरातली तिथी वाचायची. (रोह्याच्या समोरच्या काठावरच्या गावाचं नाव अष्टमी आहे, नगरपरिषदसुद्धा रोहा-अष्टमी. तिथीशी त्याचा संबंध मी जोडत नाहीये, पण हा नियम मला तेव्हापासून विसरता येत नाही.)

हा नियम ढोबळ आहे बरं का. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईला भरती बाराच्या आसपास असते. तासभर मागेपुढे धरायचं. बार्जवर काम करणारा माणूस नुसत्या तिथीवर जात नाही, त्याच्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाचं छापील भरती-ओहोटीचं कोष्टक असतं, मुंबईच्या अपोलो बंदराच्या आकड्यांचं. त्यातही एक गोम आहे. कोष्टकातली वेळ अपोलो बंदराची. पाणी खाडीत आत शिरायला वेळ लागतो, म्हणून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. किती उशिरा, ते त्या खाडीत वर्षं काढलेल्या माणसाला विचारायचं.

मग मामाने साडेअकरा कसे काढले? आम्ही अडकलो भरतीनंतर अडीच तासांनी. म्हणजे तिथे पाणी ज्या पातळीला होतं, त्याच पातळीला ते पुढच्या भरतीच्या अडीच तास आधी परत येणार. दोनमधून अडीच वजा, साडेअकरा. एवढंच! आणि म्हणूनच बार्जवाले माल भरून आत जायचं तर चढत्या पाण्यात जातात. चढत्या पाण्यात तळ टेकला तर दहा-वीस मिनिटं थांबा, पाणीच उचलेल. उतरत्या पाण्यात टेकला तर माझ्यासारखं बसा. माझ्याकडे होडी होती. हजार-दोन हजार टन कोळसा घेऊन जी बार्ज उंचसखल चिखलावर बसते, तिच्या खालचं पाणी गेलं की सगळं वजन दोन-तीन जागांवर येतं आणि सांगाडा वाकू शकतो.

माझी दुसरी चूक वळणाची. नदी वळते तेव्हा बाहेरच्या काठाला पाणी जोरात लागतं, तिथे तळ खरवडला जातो, खोली राहते. आतल्या बाजूला पाणी मंद, गाळ तिथे बसतो. म्हणजे जो शॉर्टकट दिसतो तोच उथळ. हे अंबेलाच नाही, गंगेला आणि मिसिसिपीलाही लागू आहे.

मिसिसिपी आली म्हणून सांगतो. मार्क ट्वेन लेखक व्हायच्या आधी मिसिसिपीवर स्टीमबोटीचा पायलट होता, १८५९ मध्ये त्याला लायसन्स मिळालं. त्याचं खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. ‘मार्क ट्वेन’ ही खोली मोजणाऱ्या खलाशाची आरोळी: खूण दोनची, म्हणजे दोन फॅदम, बारा फूट पाणी. आणि फॅदम म्हणजे काय? दोन्ही हात पसरले की होणारं अंतर. आपल्याकडे त्यालाच वाव म्हणतात. विहिरीची दोरी आजीने वावांनीच मोजली असेल. दोरीला शिशाचं वजन बांधायचं, सोडायची, हाताने मोजत वर घ्यायची. तिथेही तेच, इथेही तेच.

आता जरा आकडे. पॉडकास्टमध्ये आकडे ऐकताना त्रास होतो असं तुम्ही कळवता, म्हणून इथे लिहून देतोय.

चार्टवर जी खोली छापलेली असते ती पाणी जवळजवळ सर्वांत कमी असतानाची. त्यात त्या क्षणाची भरतीची उंची मिळवायची. समजा वाटेत एका उथळ पट्ट्यावर चार्टची खोली १ मीटर आहे. भरलेली बार्ज पाण्याखाली साडेतीन मीटर आहे, याला ड्राफ्ट म्हणतात. तळाखाली निदान अर्धा मीटर पाणी मोकळं हवं. साडेतीन अधिक अर्धा, वजा १, म्हणजे भरतीची उंची ३ मीटर असताना आणि त्याहून जास्त असतानाच ती जागा ओलांडता येईल.

उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी समजा ४.६ पर्यंत चढतं आणि ०.५ पर्यंत उतरतं. मग ३ मीटरच्या वरचं पाणी भरतीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास मिळतं. पाच तासांची खिडकी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीनंतर, पाणी चढतं जेमतेम ३.२ आणि उतरतं १.९. खिडकी उरते तीन तासांपेक्षा कमी. तोच माल, तीच बार्ज, तोच पट्टा. मधल्या वेळेचा हिशोब बारांशाच्या नियमाने करतात: सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक असं बारा भागांत बदलतं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं, म्हणून ओढ तेव्हा सर्वांत जास्त. अरुंद खाडीत हाही ढोबळच नियम, भरती भराभर चढते आणि ओहोटी रेंगाळते.

भरतीची दुसरी बाजू पुलाखाली दिसते. पाणी चढलं की तळाला जागा मिळते आणि डोक्यावरची कमी होते. खाली गाळ, वर पूल, आणि दोन्हींत बसणारी वेळ काढायची.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. तो राखून ठेवलेला अर्धा मीटर आठवतोय ना? जोरात गेलात तर तो गायब होतो. उथळ पाण्यात बार्ज पुढे सरकते तेव्हा पाण्याला तिच्या तळाखालून आणि बाजूने मागे पळावं लागतं. वाट अरुंद म्हणून ते वेगाने पळतं, वेग वाढला की दाब घटतो आणि बार्ज खाली बसते. याला स्क्वॉट म्हणतात. अंदाजाचं सूत्र सोपं आहे: वेग नॉटमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १०० ने भागा आणि बार्जच्या आकाराच्या गुणकाने गुणा. बार्ज म्हणजे चौकोनी डबाच, गुणक धरा ०.८५. ८ नॉट, म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटर, या वेगाने उत्तर येतं ५४ सेंटीमीटर. संपला अर्धा मीटर! वेग निम्मा करा, ४ नॉट: १४ सेंटीमीटर. दोन्ही काठ जवळ असतील तर हे आकडे जवळजवळ दुप्पट धरायचे. काठाजवळून गेलात तर आणखी एक प्रकार होतो. मागचा भाग काठाकडे ओढला जातो, नाक मधोमध फिरतं, आणि तेवढ्यात समोरून कोणी येत असेल तर आडवी बार्ज बघायला मिळते.

मामा म्हणतो, नवा पोरगा हातात सुकाणू आलं की आधी वेग वाढवतो. खिडकी संपत आली म्हणून वाढवतो आणि नेमका त्यामुळेच टेकतो. खिडकी चुकली तर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघायची, हे सांगायला वरच्या माणसाचा फोन नको असतो. पण फोन येतोच. माल उशिरा का, म्हणून. मला वाटतं या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट गणित नाही, त्या फोनवर ‘नाही’ म्हणणं आहे.

आणि वेगाचा मामला फक्त बार्जचा नाही. काठाला खारेपाटाचे मातीचे बांध आहेत. त्यांच्या आत भातशेती आहे, आणि बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. मग ती जमीन पुढची काही वर्षं पीक देत नाही. उधाणाला पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत आलेलं असतं, आणि भरलेल्या बार्ज नेमक्या तेव्हाच जातात, कारण खोली तेव्हाच असते. त्यात वेगाची लाट. शिवाय पात्रात मच्छीमारांच्या जाळ्यांचे खुंट. चुलत घराण्यात एकाची शेती, दुसऱ्याची होडी, तिसरा बार्जवर, असं आमच्याकडे सर्रास आहे. त्यामुळे सारंगाला शिव्या घालणारा बरेचदा त्याचाच भाऊ असतो.

बोयांबद्दल पटकन. समुद्राकडून आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या. भारतात, युरोपात असंच. अमेरिकेत उलटं, म्हणून यूट्यूबवरचा अमेरिकन व्हिडिओ बघून पाठ करू नका. आणखी एक गोंधळ: नदीचा डावा-उजवा काठ ठरतो प्रवाहाकडे तोंड करून, म्हणजे समुद्राकडे बघून. बोयांची दिशा ठरते समुद्राकडून येताना. त्यामुळे डाव्या हाताचा लाल बोया नदीच्या उजव्या काठाला असतो. परीक्षेत इथे भरपूर पोरं चुकतात.

बोया नसेल तिथे दोन खुणा एका रेषेत धरायच्या. पुढे देवळाचा कळस, मागे कारखान्याची चिमणी. दोन्ही एकावर एक दिसतायत तोवर तुम्ही रेषेवर. चिमणी कळसाच्या उजवीकडे सरकली म्हणजे तुम्ही उजवीकडे सरकलात. बॅटरी लागत नाही.

भोंगाही शिकून घ्या. एक आखूड: मी उजवीकडे वळतोय. दोन आखूड: डावीकडे. तीन: मी इंजिन मागे चालवतोय. पाच किंवा जास्त भराभर: तू काय करतोयस ते मला कळत नाहीये. आणि पलीकडचं दिसत नाही अशा वळणावर एक लांब, चार ते सहा सेकंदांचा. पलीकडे कोणी असेल तर तोही एक लांब वाजवतो. खाडीकाठी राहणाऱ्यांनी हे रात्री ऐकलं असेल, पुढच्या वेळी मोजून बघा.

पावसाळा मी आज मुद्दाम सोडलाय. जुलै १९८९ मध्ये याच अंबेने जांभुळपाड्यात काय केलं ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. वरून पूर आणि खालून उधाण एकाच वेळी आलं की वरचं कुठलंच गणित जसंच्या तसं चालत नाही. त्यावर पुढचा एपिसोड, मामाला माइकसमोर बसवून. तो तयार झालाय, अट एकच, रेकॉर्डिंग भरतीच्या वेळी नको, तेव्हा तो गळ टाकून बसलेला असतो.

तोपर्यंत आजची तिथी बघा, पाऊणपट करा, आणि जवळच्या खाडीवर जाऊन पाणी खरंच तेव्हा थांबतं का ते कळवा. किती मिनिटांचा फरक आला तेही लिहा, गावाच्या नावासकट.