नाव बीडचे, गणित युनिकोडचे

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांची यादी संकेतस्थळावर टाकणे हे वरकरणी दहा मिनिटांचे काम. प्रत्यक्षात मराठी संकेतस्थळ घडवणाऱ्या प्रोग्रॅमरपुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या छोट्याशा यादीतच दडलेल्या असतात. त्या वेळीच ओळखल्या नाहीत, तर आपले गाव शोधणाऱ्याला 'नोंद सापडली नाही' एवढेच उत्तर मिळते. ऊसतोडणीसाठी दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, अशा जिल्ह्यात ही केवळ तांत्रिक गैरसोय राहत नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाला एका नोंदीसाठी कचेरी गाठणे सोपे नसते.

अक्षरे नेमकी किती?

'अंबाजोगाई' या नावात वाचकाला पाच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात मात्र अनुस्वार, काना, मात्रा स्वतंत्र मोजल्या जात असल्याने तेथे नऊ चिन्हे होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे या नावाला २७ बाइट लागतात. २० बाइटांची मर्यादा घालून नाव कापले, तर 'अंबाजो' उरते आणि पुढच्या 'ग'चे तुकडे होऊन पडद्यावर निरर्थक खूण उमटते. 'आष्टी' तिसऱ्या चिन्हावर तोडल्यास 'आष्' असे लंगडे रूप राहते.

म्हणून मजकूर बाइट किंवा चिन्हे मोजून कापू नये. दिसणारी अक्षरे मोजावीत. जावास्क्रिप्टमधील 'इंटल सेगमेंटर' हे साधन त्यासाठीच आहे. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३च्या १५.१ आवृत्तीपासून आला. त्यामुळे जुन्या प्रणालींवर चाचणी घेतल्याशिवाय विसंबू नये.

मायएसक्यूएलमध्ये साठवण करताना 'यूटीएफ८एमबी४' हाच पर्याय निवडावा. तेथील जुना 'यूटीएफ८' तीन बाइटांपुरताच आहे. देवनागरी त्यात मावते, म्हणून दोष लक्षात येत नाही. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीचे प्रत्येक चिन्ह चार बाइटांचे आहे. मोडी दस्तांची सूची करताना हा दोष उघडा पडतो.

दिसायला एक, असायला दोन

'शेतकऱ्यांची' या शब्दातील 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न असतात. एका प्रकाराने साठवलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधल्यास सापडत नाही. युनिकोडचे 'एनएफसी' हे प्रमाणीकरण करणे आवश्यकच आहे, परंतु हा भेद त्याने मिटत नाही. त्यासाठी साठवताना आणि शोधताना एकच रूप करणारा नियम प्रोग्रॅमरने स्वतः लिहावा लागतो. 'ॲ'चीही तीच गत आहे. त्याचे स्वतंत्र चिन्ह २००८ साली युनिकोडमध्ये आले. जुन्या मजकुरात ते 'अ', जोडचिन्ह आणि चंद्र मिळून बनवलेले आढळते.

क्रम वर्णमालेचा हवा

युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हे 'ल'नंतर व 'व'च्या आधी येते. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'नंतर आहे. केवळ संकेतांकांवरून क्रम लावला, तर 'पळसे' हे नाव 'पवार'च्या आधी लागते. 'इंटल कोलेटर'ला मराठीचा 'एमआर' हा संकेत दिल्यास भाषेचे नियम विचारात घेतले जातात. एचटीएमएलमध्येही तोच संकेत नोंदवावा. 'नोटो सान्स देवनागरी'सारखे फॉन्ट त्यावरून 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे निवडतात.

नाव ही ओळख नव्हे

सर्वांत महत्त्वाचा सल्ला डेटाबेसच्या रचनेविषयीचा आहे. २०११च्या जनगणनेच्या इंग्रजी नोंदींत बीडचे स्पेलिंग बी-आय-डी असे आहे. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र बी-ई-ई-डी. शेजारच्या औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तर २०२४ साली अहमदनगर अहिल्यानगर झाले. शिरूर नावाचा तालुका पुणे जिल्ह्यातही आहे आणि बीडमध्ये शिरूर कासार. जेथे नावालाच नोंदीची किल्ली केले असेल, तेथे असा प्रत्येक बदल जुन्या नोंदींचा धागा तोडतो.

यावर उपाय सोपा आहे. केंद्र सरकारच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'त प्रत्येक जिल्हा, तालुका आणि गावाला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. तो ओळख म्हणून वापरावा आणि जुनी, नवी, मराठी, इंग्रजी अशी सर्व नावे त्याला जोडलेल्या वेगळ्या तक्त्यात ठेवावीत. मग 'अंबेजोगाई' लिहिणाऱ्यालाही 'अंबाजोगाई'च सापडेल.

संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी 'आष्टी', 'अंबाजोगाई' आणि दोन्ही प्रकारे टंकलेले 'शेतकऱ्यांची' हे शब्द साठवून, कापून, क्रमाने लावून आणि शोधून पाहावेत. या चाचणीला अर्धा तास पुरतो. हजारो नोंदी जमल्यानंतर तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने पुरते.