ओव्हरहॉल झालेली चेतक किक का घेत नाही

बजाज चेतकचे टू-स्ट्रोक इंजिन 145.45 सीसीचे, बोअर 57 मिलिमीटर आणि स्ट्रोकही तेवढाच. व्हेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाज्जिओबरोबरचा करार 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी बजाजने चेतक बाजारात आणली. मूळ रचना व्हेस्पा स्प्रिंटची. पुढे तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबले. त्यातल्या कितीतरी गाड्या आज पुन्हा उघडल्या जात आहेत: बोअर होतो, नवा पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग, सील, सगळे पडते. आणि धापा टाकत का होईना रोज सुरू होणारे इंजिन एवढा खर्च झाल्यावर किकला दाद देत नाही.

जुने इंजिन झिजेमुळे बंद पडते, नुकतेच जोडलेले इंजिन मात्र बहुतेक वेळा जोडणीमुळेच अडते. म्हणून संशय आधी घ्यायचा तो हात लागलेल्या जागांचा.

पहिली तपासणी करंटची. प्लग काढून, कॅपमध्ये बसवून, त्याची धातूची बाजू हेडला टेकवून किक मारली की ठसठशीत निळी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट, अशक्त ठिणगी उघड्या हवेत पडते आणि कम्प्रेशनखाली विझते. पॉइंटच्या चेतकमध्ये नव्या पॉइंटवरचा तेलकट थर पुसायचा राहून गेला तरी करंट येत नाही. कागदाची स्वच्छ पट्टी पॉइंटमधून ओढली की काम होते. पॉइंटचा गॅप 0.3 ते 0.5 मिलिमीटर, प्लगचा साधारण 0.6. स्टेटर प्लेट परत बसवताना जुन्या वायरचे कडक झालेले आवरण तडकते आणि वायर बॉडीला टेकते, हेही नेहमीचेच.

करंट ठीक असेल तर प्लग ओला की कोरडा, ते पाहायचे. कोरडा म्हणजे पेट्रोल पोचत नाही: कॉक, जाळी, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, चोकचा जेट. चोक ओढून अ‍ॅक्सिलरेटर पिळत किक मारणे ही फार मोठी चूक, कारण थ्रॉटल उघडताच चोकच्या वाटेची ओढ कमी होते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. प्लग ओलाचिंब असेल तर कॉक बंद करून, प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून किका माराव्यात; क्रँककेसमध्ये साचलेले पेट्रोल बाहेर पडते. ऑइलचे प्रमाण लिटरला 20 मिली. नव्या बोअरच्या भीतीने हात सैल सोडून ओतलेले ऑइल प्लगच मारते.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी कार्बोरेटरमधून फटकारते किंवा किक उलटी मारते, तेव्हा मॅग्नेट काढावा. क्रँकच्या निमुळत्या टोकावर एका खाचेत अर्धचंद्राच्या आकाराची बोटाच्या पेरापेक्षाही लहान चावी असते. मॅग्नेटला जागच्या जागी धरते ते निमुळत्या टोकाचे घट्ट बसणे. चावी फक्त त्याची दिशा ठरवते. नट ढिला राहिला तर पहिल्याच किकला मॅग्नेट सरकतो आणि चावी कापली जाते. कधी मॅग्नेट चढवतानाच ती खाचेतून मागे ढकलली जाते. बाहेरून काहीच कळत नाही. मग ठिणगी पडते, उत्तम पडते, पण भलत्याच वेळी. स्टेटरवरची खूण जुळवून कितीही टायमिंग लावले तरी उपयोग होत नाही.

यापुढचा दोष या इंजिनाच्या स्वभावातच आहे. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसला बारीक गळती असली तर खाली तेल ठिबकते, इंजिन चालत राहते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते, मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन उतरताना तेच दाबले जाऊन ट्रान्स्फर पोर्टमधून वर चढते. कुठूनही हवा शिरली की ओढ संपते. म्हणून सील, पॅकिंग आणि केसच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा इथे पिस्टनइतकेच महत्त्वाचे.

त्याची परीक्षा सोपी असूनही बहुतेक गॅरेजमध्ये होत नाही, याचे वाईट वाटते. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करायचे, पिस्टन खाली आणायचा आणि प्लगच्या भोकातून पाच-सहा पीएसआय हवा भरायची. जास्त भरली तर चांगले सीलही उखडते. काटा काही मिनिटे हलता कामा नये. उतरू लागला तर सिलेंडरच्या बुडाला, सांध्यावर आणि मॅग्नेटमागच्या सीलवर साबणाचे पाणी लावायचे. तिथे काहीच दिसत नसेल तर गियर ऑइल भरण्याचे भोक उघडून त्यावर फेस ठेवायचा. फुगा हळूहळू फुगू लागला की दोष क्लचकडच्या सीलचा. असे इंजिन सुरू झालेच तर गियर ऑइल ओढून पांढरा धूर ओकते.

मॅग्नेटकडचे सील बाहेरून बदलता येते. क्लचकडचे बेअरिंगच्या आत असते, त्यासाठी केस पुन्हा दोन भागांत फोडावी लागते. मजुरी दुसऱ्यांदा कोण देणार, यावरून गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांचे संबंध बिघडतात ते याच टप्प्यावर.

सीलही उत्तम निघाले तर नजर इनटेकच्या तोंडाशी न्यावी. चेतकमध्ये रीड व्हॉल्व्ह नाही. क्रँकचीच एक जाड चकती फिरता फिरता इनटेकचे भोक उघडते आणि मिटते. ती आणि केसचा गुळगुळीत पृष्ठभाग यांच्यात केसभर फट. जुन्या बेअरिंगचा तुकडा तिथून गेला असेल तर पृष्ठभागावर चर पडते आणि दाबलेले मिश्रण कार्बोरेटरकडे परतते. हवा भरून केलेल्या परीक्षेत हे दिसत नाही, कारण इनटेक तेव्हा बाहेरून बंद असतो. नखाला जाणवेल इतकी खोल चर असेल तर तिथे अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग भरून, क्रँकच्या मापाने मशीनिंग करून घ्यावे लागते. ते करणारे टर्नर आता थोडे उरले आहेत. नाहीतर दुसरी केस शोधावी लागते.