बाळाचे ४२ दिवस आणि आशांचा संप

हळद काढणीच्या दिवसांत वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ भागात पहाटे चांगलाच गारठा असतो. घरातले सगळे शेतात गेलेले असतात आणि नुकतीच बाळंत झालेली सून बाळाला घेऊन घरी असते. अशा घराचं दार ठराविक दिवशी वाजतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

दारात आशाताई असते. झोळीच्या काट्यावर ती बाळाचं वजन करते, तापमान घेते, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजते. श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, बाळानं दूध ओढणं सोडलं असेल किंवा अंग गार लागत असेल, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. नवजात बाळाच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे ऊब पटकन जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तर आणखी लवकर. जंतुसंसर्ग झाला तर मोठ्या माणसासारखा ताप चढेलच असं नाही, उलट बाळ थंड आणि मलूल पडतं. घरच्यांना वाटतं, शांत झोपलंय!

ही पद्धत महाराष्ट्राचीच देणगी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे काम शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला.

एवढ्या सगळ्या भेटींचा मोबदला बाळामागे २५० रुपये ठरला. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली, पण कर्मचारी म्हणून नव्हे, 'स्वयंसेविका' म्हणून. या एका शब्दात पगार, निवृत्तिवेतन, प्रसूती रजा असा सगळा खर्च वाचतो. योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं केली होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना गौरवलं. दर्जा मात्र बदलला नाही.

राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा आणि गटप्रवर्तक कृती समितीच्या हाकेवरून १८ ऑक्टोबर २०२३ ला संपावर गेल्या. सात हजार रुपये वाढीच्या घोषणेवर नोव्हेंबरात परतल्या. शासन निर्णय काही निघेना, म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप. तो मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालला.

१२ जानेवारीला जन्मलेल्या बाळाचा बेचाळिसावा दिवस फेब्रुवारीतच उलटतो. म्हणजे सहाच्या सहा भेटी संपातच येतात, तेही थंडीत. उपकेंद्राची एएनएम आहेच, पण तिच्याकडे साधारण पाच हजार लोकसंख्या असते. लसीकरण, बाळंतपणं, नोंदी सांभाळून ती तिसऱ्या दिवशी प्रत्येक तांड्यावर पोचेलच कशी? संपाचा दोष आशांच्या माथी मारणं सोपं आहे. पण ज्या कामावर बाळाचा जीव अवलंबून, ते काम वर्षानुवर्षं मोबदल्यावर भागवण्याचा हिशेब सरकारचा होता.

मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं आशांना दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर केली, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. घोषणेपेक्षा दोन हजार कमी. वाढ मानधनात झाली, कागदोपत्री त्या स्वयंसेविकाच राहिल्या.