धामणीचा दांडा

गेल्या चैत्रात आमच्या गावच्या लोहाराने ऐरण विकून टाकली आणि माण तालुक्यातील त्या उजाड माळावर तीन पिढ्या धगधगलेली भट्टी विझली. त्याच आठवड्यात बाजारातून आणलेला नवा टिकाव पहिल्याच मुरमात तुटला. लोखंडी नळीचा दांडा जेथे वेल्डिंगने चिकटविला होता, नेमका तेथे. तो घेऊन मी परत गेलो, तेव्हा गल्ल्यावरचा मुलगा मोठ्या अदबीने म्हणाला, ‘तात्या, ह्याला दुसरा दांडा बसत नसतो, नवाच न्या.’ त्याच्या शब्दांत उर्मटपणाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक झोंबले. ज्याचा दांडा बदलता येत नाही अशा वस्तूला अवजार म्हणण्यात ह्या पिढीला काहीच विपरीत वाटत नाही, ह्या खेदातून हा मागोवा लिहीत आहे.

अवजारांच्या दीर्घ इतिहासातील बहुतेक टप्पे मला भराभर ओलांडता येतात. जोर्वे येथे सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन चपट्या तांब्याच्या कुऱ्हाडींना मी दुरूनच नमस्कार करतो. विदर्भात माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणयुगीन दफनांत ज्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या, त्या दांड्याला जखडण्यासाठी फुलीसारखी लोखंडी कडी वापरीत. लाकूड कधीच मातीस मिळाले, तरी ती कडी त्या लाकडाची साक्ष देत राहिली, एवढेच मी मनाशी बाळगतो. पुढे सुताराने दांडा बसवावा, लोहाराने पाते शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून त्याचे टोक पुन्हा काढून द्यावे आणि सुगीला दोघांनी खळ्यावरून आपले बलुते न्यावे, ही व्यवस्था शतकानुशतके चालली. तिच्यात जातीची बेडी होती, आणि ती तुटली ह्याचे दुःख मी करणार नाही. परंतु बेडीबरोबर हातातील विद्याही फेकून द्यावी, असा कायदा कोणी केला नव्हता.

माझे मन रेंगाळते ते १९७२ च्या दुष्काळात. लागोपाठ पावसाने दगा दिला, विहिरींनी तळ दाखविला, आणि वयाच्या अठराव्या वर्षी पाझर तलावाच्या कामावरील हजेरीपटात माझे नाव चढले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे राबत होती. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर आम्ही दिवस काढीत होतो. मजुरी मोजमापावर मिळे. खड्ड्यात मोजणीसाठी मातीचा एक खांब न खणता राखलेला असे, त्याच्या उंचीवरून दिवसाची माती ठरे. म्हणून टिकाव बरा की वाईट, हा प्रश्न आमच्यापुरता सायंकाळच्या भाकरीचा प्रश्न होता.

कामावर जाण्याच्या आदल्या रात्री वडिलांनी आढ्यावरून धामणीचा दांडा काढून दिला. धामण आमच्या माळावर होत नाही. ती घाटातल्या रानातली. बाभूळ कणखर, पण धामणीस लवचीकपणा अधिक, घाव बसताच तो हादरा ती स्वतःत जिरविते आणि मनगटापर्यंत येऊ देत नाही. दांडा करवतीने कापलेला नसावा, ओंडका फाडून काढलेला असावा, म्हणजे लाकडाची शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते, गाठ नसावी, सावलीत सावकाश सुकवावा, आणि लांबी ज्याची त्याने आपल्या हाताने मापून घ्यावी. कुऱ्हाडीच्या नेढ्यात पाचर ठोकावी लागते, टिकावाला तीही लागत नाही. त्याचा दांडा वरच्या टोकाला रुंद असतो, पाते खालच्या टोकातून घालून वर सरकविले की प्रत्येक घावागणिक ते अधिकच घट्ट बसते. उन्हाळ्यात लाकूड आकसून पाते खुळखुळू लागले की रात्रभर नेढे पाण्यात बुडवून ठेवावयाचे. ही सारी विद्या वडिलांनी मला एका रात्रीत सांगितली, आणि पुढील पन्नास वर्षांत तिच्यात दुरुस्ती करण्याचे कारण मला पडले नाही.

त्याच कामावर एका साहेबाने हुकूम काढला की घरचे अवजार चालणार नाही, खात्याने दिलेले नळीच्या दांड्याचे टिकावच सर्वांनी वापरावेत. वैशाखाच्या उन्हात ती नळी इतकी तापे की बाया हाताला फडकी गुंडाळून काम करीत. प्रत्येक घाव खांद्यात उतरे. आठ दिवसांत आमच्या टोळीची माती घटली आणि मजुरीही. आम्ही अर्ज केला, तर घट कामचुकारपणाच्या नावे दप्तरात चढली. त्या साहेबाविषयीचा माझा राग आजही निवलेला नाही. राबणाऱ्याच्या हाताला न विचारता त्याच्या हातात काय द्यावे हे ठरविण्याची वृत्ती मी तेथे प्रथम पाहिली, आणि आजचा बाजार तीच वृत्ती नफ्यासाठी चालवीत आहे.

पुढची वर्षे सांगण्यासारखी थोडी. १९७७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात रोजगाराच्या हमीला कायद्याचे बळ आले, २००५ च्या केंद्रीय कायद्याने अशा कामांवर ठेकेदारास मज्जाव केला आणि माणसाचा रोजगार हिरावणारी यंत्रे शक्य तोवर टाळण्यास सांगितले. तरी आमच्याच शिवारात मी रात्री यंत्राने खणलेल्या आणि दिवसा हजेरीपटावर माणसांच्या नावे चढलेल्या चाऱ्या पाहिल्या आहेत. २०१६ पासून चार उन्हाळे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत गावेच्या गावे टिकाव घेऊन डोंगरावर चढली, तेव्हा शहरातून आलेल्या मुलांना पाते कोठून सरकवावे हे दाखविताना मला माझ्या वडिलांचा आवाज माझ्याच तोंडून ऐकू आला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे; मला ती दांड्यावर अन्याय करणारी वाटते. झिजावयाचे त्याने, तडकावयाचे त्याने, आणि तो तडकला म्हणून पाते शाबूत राहावयाचे. अवजाराचा टिकाऊपणा लोखंडात नसतो, लाकडातही नसतो. मोडलेला भाग मालकाला स्वतःच्या हाताने बदलता येतो, ह्यात तो असतो. म्हणून माझी मागणी साधी आहे: बाजारात पाते निराळे आणि दांडा निराळा मिळावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना वेल्डिंगबरोबर दांडा बसविणेही शिकवावे.

१९७३ चा तो टिकाव अजून घरात आहे. शेवटून शेवटून त्याचे टोक चार बोटे आखूड झाले आहे आणि दांडा चौथा आहे. पाचव्यासाठी धामणीचे लाकूड आढ्यावर सुकत ठेवले आहे. तो दांडा मीच घडवीन, परंतु हे टोक पुन्हा बोथट झाले म्हणजे ते कोणाच्या भट्टीत घालावयाचे, हे मला ठाऊक नाही.